उपचारानंतरची अकाली रजोनिवृत्ती

पाळी जाण्याचा काळ निसर्गतः सावकाश येतो. बीजकोषांचे कार्य काही वर्षे मंदावत जाते, इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण चढउतार होत अखेर घटते आणि शरीराला या बदलाशी जुळवून घेण्यास अवधी मिळतो. भारतात हे सामान्यतः वयाच्या ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास घडते. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या स्त्रीला मात्र हा अवधी मिळेलच असे नाही. केमोथेरपीने बीजकोषांना इजा पोचून पस्तिशी-चाळिशीतच पाळी बंद पडू शकते. शस्त्रक्रियेने बीजकोष काढले, तर हा बदल अवघ्या काही दिवसांत येऊन कोसळतो.

ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले की, बीजकोष काढल्यावर काही स्त्रियांचा बळावलेला कर्करोग ओसरतो. ‘हॉर्मोन’ हा शब्दही तेव्हा रूढ झालेला नव्हता. पुढे उलगडा झाला तो असा, की अनेक गाठींतील पेशी इस्ट्रोजेनच्या प्रभावाने वाढतात. म्हणून टॅमॉक्सिफेन स्तनातील पेशींवर त्याचा परिणाम होऊ देत नाही, तर पाळी गेलेल्या स्त्रियांना दिली जाणारी लेट्रोझोलसारखी औषधे ते तयारच होऊ देत नाहीत. ही गोळी ५ वर्षे, काही वेळा १० वर्षेही घ्यावी लागते.

मेंदूत शरीराच्या तापमानाचे नियमन करणारे एक केंद्र असते. इस्ट्रोजेन घटले, की ते अतिशय हळवे बनते. किंचित उष्णता वाढताच त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. छातीतून निघालेली उष्णतेची लाट मानेवरून चेहऱ्यापर्यंत चढते, घामाच्या धारा लागतात आणि पाठोपाठ हुडहुडी भरते. रात्री असे तीनचार वेळा घडले, की झोप मोडते आणि दुसरा दिवस चिडचिडीत जातो. लेट्रोझोलसारख्या औषधांनी सांधे आखडतात, हाडे विरळ होतात. योनिमार्गाच्या कोरडेपणामुळे शरीरसंबंध वेदनादायक होतो. पण ही तक्रार डॉक्टरांपाशीच काय, पतीपाशीही सहसा बोलली जात नाही.

इतर स्त्रियांना अशा वेळी इस्ट्रोजेन देता येते. येथे नेमके तेच वर्ज्य ठरते. स्वीडनमधून चालवलेल्या ‘हॅबिट्स’ या चाचणीत, पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना संप्रेरके देण्यात आली, काहींना नाही. धोका दिसू लागल्याने डिसेंबर २००३ मध्ये ती थांबवावी लागली. २००८ च्या अंतिम अहवालानुसार संप्रेरके घेणाऱ्या २२१ जणींपैकी ३९ जणींना स्तनाचा कर्करोग पुन्हा झाला; न घेणाऱ्या २२१ जणींत ही संख्या १७ होती. स्टॉकहोममधील दुसऱ्या चाचणीत असा फरक आढळला नाही, तरी पहिलीचा इशारा डावलणे धाडसाचे आहे.

मग उपाय काय? मूळची नैराश्यावरील व्हेन्लाफॅक्सिन आणि फेफऱ्यावरील गॅबापेंटिन ही औषधे अल्प मात्रेत दिल्यास उष्णतेच्या लाटा कमी होतात. मात्र त्याच कामी येणारी पॅरॉक्सेटिन टॅमॉक्सिफेनसोबत टाळतात. टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप यकृतात बनते आणि पॅरॉक्सेटिन त्या क्रियेत अडथळा आणते. विचार व वर्तन बदलण्याच्या मानसोपचाराने या लाटांचा जाच कमी होतो, हे लंडनमधील ९६ स्त्रियांच्या अभ्यासाने २०१२ मध्ये दाखवले. कोरडेपणावर प्रथम संप्रेरकविरहित मलमे वापरावीत. इस्ट्रोजेनयुक्त मलम कर्करोगतज्ज्ञाच्या संमतीवाचून नको.

त्रास असह्य होऊन कोणालाही न सांगता गोळी सोडून देणाऱ्या स्त्रिया थोड्या नाहीत, आणि खरा धोका येथेच आहे. डॉक्टरांना सांगितले, तर एक औषध बदलून दुसरे देता येते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. उपचाराने पाळी थांबलेल्या तरुण स्त्रीला गर्भ राहणारच नाही असे नाही, आणि टॅमॉक्सिफेनने गर्भाला अपाय होऊ शकतो; तेव्हा संततिनियमनाचे साधन वापरणे आवश्यक असते, अर्थात संप्रेरकांच्या गोळ्या सोडून. पाळी कायमची गेल्यानंतर टॅमॉक्सिफेन घेत असताना थोडाही रक्तस्राव झाला, तर गर्भाशयाची तपासणी लगेच करून घ्यावी लागते.