वाऱ्याला न अडवता इंजिन गार ठेवताना

सांताक्रूझच्या हँगरमध्ये मी ३१ वर्षं विमानांची इंजिनं उघडली आणि बंद केली. ओळखीची पोरं हमखास विचारतात, जेट इंजिन एवढं तापतं, मग गाडीसारखा रेडिएटर कुठेच कसा दिसत नाही? तो दिसू नये यासाठीच सगळा खटाटोप असतो. बाहेर एखादं जादा तोंड उघडलं, की ताशी साडेआठशे किलोमीटरचा वारा त्यात आपटतो आणि विमानाला मागे ओढतो. या ओढीला आम्ही ड्रॅग म्हणतो. तिची किंमत प्रत्येक उड्डाणात इंधनाने मोजावी लागते. तापलेलं इंजिन गार करायचं आणि ही किंमतही द्यायची नाही, या कामाने मला जे शिकवलं ते सांगतो.

१. बाहेरची नवी हवा मागू नये, आत वाहतेय तिच्याकडूनच काम करून घ्यावं.

प्रवासी विमानाच्या इंजिनात पुढचा मोठा फॅन जी हवा ढकलतो, तिच्यातली बहुतेक हवा मधल्या गाभ्यात जातच नाही, बाजूने निघून जाते. सीएफएम ५६ सारख्या इंजिनात गाभ्यात एक भाग गेला, तर बाजूने पाच भाग जातात. ही हवा थंड असते, जोरात असते आणि तशीही मागे जायचीच असते. म्हणून काही इंजिनांत ऑइल कूलरच्या पातळ फिन्स ही हवा जाते त्या डक्टच्या भिंतीला, हवेच्या दिशेने बसवतात, केसांतून कंगवा फिरावा तशा. केबिनसाठी काढलेली गरम हवा निववणारा प्रीकूलरही याच फॅनच्या हवेवर चालतो, आणि त्याचा व्हॉल्व्ह गरजेपुरताच उघडतो. फिन्सची थोडी अडचण हवेला होतेच, पण विमानाच्या अंगावर नवीन तोंड उघडावं लागत नाही.

२. उष्णता फेकून देण्याआधी ती कुणाला हवी आहे का, ते बघावं.

अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५० अंशांच्याही खाली पारा असतो. पंखातलं इंधन गारठत जातं. इकडे बेअरिंगमधून फिरून आलेलं तेल शंभर अंशांच्या पुढे तापलेलं. दोघांना एकाच डब्यात, म्हणजे हीट एक्सचेंजरमध्ये आणलं, बारीक नळ्यांतून इंधन आणि नळ्यांच्या भोवती तेल, की तेल निवतं, इंधन कोमट होतं आणि वाऱ्याला हातसुद्धा लावावा लागत नाही. माझ्या मते इंजिनातली ही सगळ्यात शहाणी जागा. पण तिलाही डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेल्या बोइंग ७७७ ची दोन्ही इंजिनं हीथ्रोला उतरता उतरता मंदावली आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. सगळे १५२ जण वाचले. इंधनातल्या पाण्याच्या अंशाचा बर्फ होऊन तो अशाच हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकला होता. तिथे नळ्यांची टोकं जरा पुढे आलेली होती. नंतर ती पृष्ठभागाशी सपाट केली गेली.

३. गार हवा फुकट नसते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या सीनियरनी मला टर्बाइनचं बाद झालेलं, धुतलेलं ब्लेड हातात दिलं. बोटाएवढं, वजनाने मात्र जड. म्हणाले, "गाल ओला कर आणि बुडातून फुंक." फुंकर मारली तर ब्लेडच्या अंगावरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांतून माझाच श्वास बारीक बारीक होऊन गालाला लागला. इंजिनात हेच होतं. ज्वाला १५०० अंशांच्या वर आणि ब्लेडचा निकेलचा मिश्रधातू वितळतो १३०० च्या आसपास. कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा पोकळ ब्लेडमधून फिरून त्या भोकांतून बाहेर येते आणि पात्यावर पातळ चादर पसरते, म्हणून ते टिकतं. गंमत अशी, की ही 'गार' हवा स्वतःच पाचसहाशे अंशांची असते. गाभ्यातल्या हवेचा साधारण पाचवा हिस्सा अशा कामांत जातो, आणि ती हवा दाबायला इंधन आधीच जळलेलं असतं.

माठाची भोकं बुजली की त्यातलं पाणी निवत नाही. इथेही तसंच. आखाती देशांकडे सारख्या फेऱ्या करणाऱ्या विमानांची इंजिनं बोरोस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने पाहिली, की भोकांच्या तोंडावर वितळून काच झालेली धूळ दिसायची. अशी इंजिनं लवकर उतरवावी लागतात.

४. तापलेली हवा सोडतानाही तिच्याकडून काम घेता येतं.

हे जेटच्या आधीचं शहाणपण. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये दाखवून दिलं, की रेडिएटरकडे येणारी हवा रुंदावत्या डक्टमध्ये आधी मंद करावी, रेडिएटरमध्ये ती तापू द्यावी आणि मग अरुंद तोंडातून सोडावी. तापून फुगलेली हवा जोरात मागे जाते आणि कूलिंगचा बराचसा ड्रॅग भरून निघतो. मस्टँग लढाऊ विमानाच्या पोटाखाली हीच रचना होती. तिचं तोंड पोटापासून थोडं खाली ठेवलेलं असायचं, कारण पोटाला चिकटून येणारी हवा आळसावलेली असते, ती आत घेऊन उपयोग नाही.

५. जमिनीवर वारा नसतो.

म्हणून उतरल्यावर इंजिन साधारण तीन मिनिटं आयडलवर, म्हणजे अगदी कमी वेगावर ठेवून स्वतःच्याच हवेवर निवू देतात, मग बंद करतात. घाई करू नये. बंद झाल्यावर आतली उष्णता वर चढते, शाफ्टची वरची बाजू जास्त तापलेली राहते आणि शाफ्ट किंचित वाकतो. नव्या इंजिनांत तो सरळ व्हावा म्हणून सुरू करण्याआधी इंधन न देता नुसतं फिरवतात.

६. कूलर नजरेने नाही, हाताने आणि उजेडाने तपासावा.

एका विमानाच्या उजव्या इंजिनाचं तेल डाव्यापेक्षा रोज थोडं जास्त तापत होतं. मी सेन्सर बदलला, व्हॉल्व्ह बदलला, इंधनाच्या हीट एक्सचेंजरवरही संशय घेतला. तीन आठवडे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललं होतं. शेवटी एका जुन्या टेक्निशियनने माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि डक्टमधल्या कूलरवर आडवी धरली. फिन्सच्या मध्ये करड्या नमद्यासारखा धुळीचा थर होता आणि एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या भागातल्या फिन्स आडव्या झालेल्या. काम करताना कुणीतरी त्यांच्यावर गुडघा टेकला होता. हवा तिथे शिरत नव्हती, वरून घसरून जात होती. तेल तापत होतंच, वर विमानाला पुढे ढकलणाऱ्या हवेतच अडथळा. तो भाग धुतला, फिन्स मॅन्युअलप्रमाणे खास कंगवा लावून सरळ केल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही इंजिनांचे आकडे जुळले. आधीच्या तपासणीच्या कागदावर सही माझीच होती. त्याची खंत आजही आहे.

आज हँगरमध्ये असणाऱ्या मुलामुलींनो, काऊल, म्हणजे इंजिनाचं झाकण उघडाल तेव्हा कूलरवर बॅटरी समोरून मारू नका, तिरपी धरा. समोरून धरली तर फिन्समधला मळ दिसत नाही.