‘असेल’ आणि ‘असलाच पाहिजे’

आमच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वह्यांत, मागें काय घडलें असेल ह्याविषयीं तर्क करावयाचा प्रसंग आला कीं, सरसहा ‘मस्ट हॅव’ आढळतें. ह्या शब्दांचा अर्थ ‘अमुक झालेंच असलें पाहिजे’ असा असून तो लिहावयास पुरावा लागतो. (‘करावें लागलें’ हा अर्थ त्यांत नाहीं, त्यासाठीं ‘हॅड टु’ आहे.)

ता. ८ जून १९२४ रोजीं मॅलरी व अर्व्हिन हे दोन इंग्रज गिर्यारोहक एव्हरेस्टच्या शिखराकडे चढत असतां त्यांचा सोबती ओडेल ह्यास अखेरचे दिसले. पुढें १९९९ सालीं मॅलरीचा देह सांपडला. एक पाय मोडलेला, कमरेस दोर आणि त्या दोराच्या हिसक्याच्या खुणा अंगावर! येथें ‘ही मस्ट हॅव फॉलन’, म्हणजे ‘तो पडलाच असला पाहिजे’, असें खुशाल लिहावें. परंतु ते शिखरावर पोहोंचले होते काय? देहाजवळ कॅमेरा मिळाला नाहीं. २०२४ सालीं अर्व्हिनचा बूट व पाऊल मिळालें, त्यानेंही उलगडा झाला नाहीं. म्हणून ‘दे मे हॅव रीच्ड द समिट’, ‘पोहोंचले असतील’, इतकेंच म्हणतां येतें. ‘माइट हॅव’ म्हटल्यास शंका किंचित् वाढते. ‘मस्ट हॅव रीच्ड’ म्हणणारेही आहेत. त्यांच्यापाशीं उत्साह पुष्कळ आहे.

‘कुड हॅव’ तर फारच फसवें. परीक्षेंत उत्तीर्ण होऊं शकलों, हें कळविण्यासाठीं ‘आय कुड हॅव पास्ड’ असें लिहिणारा मुलगा वडिलांस आपण नापास झाल्याचें कळवितो! ‘झालों असतों, पण झालों नाहीं’ असा त्याचा अर्थ होतो.

आतां वर्गांतलीच गोष्ट घ्या. एकाचें पेन हरवतें, आणि तो शेजारच्या मुलाविषयीं लिहितो, ‘ही मस्ट हॅव टेकन इट’. शेजारीं बसणें एवढाच काय तो पुरावा! येथें व्याकरण व नववी आज्ञा ह्यांची गांठ पडते. फार तर ‘मे हॅव’ लिहावें, आणि तेंही शिक्षकांनीं विचारल्यावर. हजेरीपटांत तो मुलगा त्या दिवशीं गैरहजर असल्याचें दिसलें, तर ‘ही कॅनॉट हॅव टेकन इट’, ‘त्यानें घेतलें असणें शक्यच नाहीं’, असें लिहावें. ‘मस्ट नॉट हॅव’ असें मात्र लिहूं नये.