अँड्रॉइडचे गुणदोष

कोणत्याही वस्तूची पारख करताना तिचे गुण तेवढे पाहणे हा भोळेपणा होय, आणि दोष तेवढे पाहणे हा आकस होय. पुष्कळदा गुण आणि दोष एकाच मुळातून उगवतात. नदीकाठच्या शेताला पाणी मुबलक मिळते. पण पुराचे भयही त्यालाच अधिक असते. अँड्रॉइड या कार्यप्रणालीचीही अशीच गोष्ट आहे.

स्मार्टफोनमध्ये पडदा, कॅमेरा, ध्वनिवर्धक असे अनेक भाग असतात. या सर्वांकडून शिस्तीने काम करून घेणारी आणि कोणत्या ॲपला काय वापरू द्यावे हे ठरवणारी जी आज्ञावली, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. एकत्र कुटुंबात कर्त्या माणसाचे जे स्थान, तेच फोनमध्ये तिचे असते.

२००३ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे अँड्रॉइड नावाची एक लहानशी कंपनी निघाली. २००५ मध्ये ती गूगलने विकत घेतली. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा रचून सर्वांपुढे ठेवला होता. त्याच गाभ्यावर अँड्रॉइडची उभारणी झाली. तिच्यावर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला.

अँड्रॉइडचा मोठा गुण म्हणजे तिचा खुलेपणा. ॲपल ही कंपनी आपली आयओएस प्रणाली केवळ आपल्याच आयफोनसाठी वापरते. अँड्रॉइडची मूळ आज्ञावली मात्र कोणालाही पाहता येते, वापरता येते आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलताही येते. त्यामुळे अनेक कंपन्यांनी तिच्या आधारे फोन बनवले. अतिशय महाग फोन तिच्यावर चालतात आणि बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला परवडणारे फोनही तिच्यावरच चालतात. मराठीत लिहिण्यावाचण्याची सोय दोघांतही सारखीच! शेतकऱ्याला बाजारभाव आणि विद्यार्थिनीला धडे हातातल्या फोनवर दिसू लागले, याचे पुष्कळसे श्रेय या खुलेपणाला द्यावे लागेल.

परंतु दोषाचे मूळही येथेच आहे. आज्ञावली कितीही काळजीपूर्वक लिहिली, तरी तिच्यात उणिवा राहतात, आणि त्या वरचेवर दुरुस्त कराव्या लागतात. आयफोनची दुरुस्ती ॲपल स्वतः थेट ग्राहकाकडे पाठवते. अँड्रॉइडची दुरुस्ती गूगलने तयार केली, तरी ती आपापल्या फोनला जुळवून पुढे पाठवणे हे बहुधा फोन बनवणाऱ्या कंपनीचे काम असते. घरे अनेक आणि गवंडीही अनेक. मग एखाद्या घराची भिंत वेळेवर लिंपली जाते, तर एखाद्याची तशीच राहते.

हा धोका २०१५ मध्ये सर्वांच्या ध्यानी आला. 'स्टेजफ्राइट' नावाची एक उणीव त्या वर्षी उघडकीस आली. कपटाने रचलेला एक चित्रसंदेश आला, की तो न उघडताही फोनमध्ये शिरकाव होऊ शकत असे. त्यानंतर गूगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचा प्रघात सुरू केला. २०१७ मध्ये दुरुस्तीचे काम सोपे व्हावे म्हणून प्रणालीच्या रचनेतही बदल केला. पुढे २०२३ व २०२४ मध्ये गूगल आणि सॅमसंग यांनी आपल्या काही महाग फोनांना सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे आश्वासन दिले. स्वस्त फोनांना मात्र बहुधा इतकी वर्षे लाभत नाहीत. म्हणजे ज्या फोनांमुळे अँड्रॉइड घरोघरी पोहोचली, त्यांचीच दुरुस्ती आधी थांबते! ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

खुलेपणाची आणखी एक बाजू आहे. गूगलच्या प्ले स्टोअरबाहेरून आणलेले ॲपही अँड्रॉइडवर बसवता येते. हे स्वातंत्र्य जाणत्यास उपयोगी पडते; पण अनोळखी माणसाने पाठवलेले ॲप बसवणाऱ्यास तेच घातक ठरते.

मग वापरणाऱ्याने काय करावे? फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा-दुरुस्तीची शेवटची तारीख लिहिलेली असते. ती अधूनमधून पाहावी. फोन विकत घेताना त्याची किंमत आणि कॅमेरा यांबरोबरच दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, हेही विचारावे. वडिलांचा जुना फोन मुलीकडे आला आणि त्याची दुरुस्ती थांबलेली असली, तर तो लगेच टाकून देण्याचे कारण नाही. छायाचित्रे काढण्यास वा गाणी ऐकण्यास तो उपयोगी पडेल. पण त्यावरून पैशांचे व्यवहार करू नयेत.

दार उघडे असलेल्या घरात सर्वांचे स्वागत होते, हे खरेच. मात्र अशा घरातील माणसांनी अधिक जागरूक राहावे लागते.

स्वाध्याय

१. कार्यप्रणालीला कर्त्या माणसाची उपमा का दिली आहे?
२. अँड्रॉइडचा गुण आणि दोष एकाच मुळातून कसे उगवले, ते स्पष्ट करा.
३. घरातील एखाद्या फोनची सुरक्षा-दुरुस्तीची तारीख मोठ्यांच्या मदतीने पाहा व त्याविषयी पाच वाक्ये लिहा.
४. गुण आणि दोष एकत्र नांदतात अशी दुसरी एखादी वस्तू निवडून तिच्याविषयी निबंध लिहा.