स्टिरॉइडची गोळी : स्ट्रिप स्वस्त, बाकीचा खर्च धरला का?

प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची गोळी दीड-दोन रुपयांना मिळते. रोज एक घेणाऱ्याचा महिन्याचा खर्च पन्नास रुपयांच्या आतबाहेर. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. जनऔषधी केंद्रात मिळालं तर आणखी स्वस्त.

ही स्वस्ताईच अनेकांना नडते. सर्दी हटत नाही, गुडघे आखडलेत, पोर अंग धरत नाही, अशा कुठल्याही तक्रारीवर मेडिकलवाला कागदाच्या पुडीत दोन-तीन सुट्या गोळ्या बांधून देतो. त्यात एक पिटुकली बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोनची असते. दुसऱ्या दिवशी तरतरी येते, भूक लागते आणि गिऱ्हाईक खूश. वास्तविक ही औषधं शेड्यूल एचमधली, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सुट्या गोळीवर नाव नसतं, म्हणून स्ट्रिपचा नाव असलेला तुकडा मागाच. गोळी लहान आहे म्हणून हलकी समजू नका : अर्धा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन. सांधेदुखीवर किंवा दम्यावर 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून बिनलेबलची पूड मिळाली आणि दोन दिवसांत जादू झाली, तर त्यात स्टिरॉइड मिसळल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. असे प्रकार आपल्याकडे वेळोवेळी पकडले गेले आहेत.

चिठ्ठी हातात आली की डॉक्टरांना आधी विचारा : किती दिवस? दम्याचा जोराचा झटका आला तर मुलांना तीन ते पाच दिवस, मोठ्यांना पाच ते सात दिवस डोस देतात आणि बहुधा तो कमी करत न नेता थेट थांबवतात. एवढ्याशा कोर्सने हाडं ठिसूळ होत नाहीत. या धास्तीने मुलाचं औषध दुसऱ्याच दिवशी बंद करणारे पालक त्याला पुन्हा धापेच्या तोंडी देतात. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये, म्हणजे लघवीतून प्रथिनं जाऊन मुलाचं अंग सुजतं त्या आजारात, पहिलाच कोर्स साधारण बारा आठवड्यांचा असतो. तिथे हिशेब बदलतो.

मुलांच्या औषधात पैसे आणि चुका, दोन्ही सिरपच्या बाटलीत लपलेले असतात. एका प्रकारात ५ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असतं, 'फोर्ट' प्रकारात तेवढ्यातच १५. समजा, १५ किलोच्या मुलाला रोज १५ मिलिग्रॅम पाच दिवस लिहून दिलंय. साध्या सिरपचे रोज १५ मिलिलिटर लागतील आणि ६० मिलिलिटरची एक बाटली पुरणार नाही. फोर्टचे रोज ५ मिलिलिटर, म्हणजे एकाच बाटलीत काम होऊन निम्म्याहून अधिक उरेल. मात्र साध्याऐवजी फोर्ट हातात पडली आणि 'तीन चमचे' हेच डोक्यात राहिलं, तर डोस तिप्पट होतो. म्हणून डोस चमच्यांत नको, मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. मोजायला सुई नसलेली सिरिंज वापरा. पाण्यात विरघळणारी गोळी चालेल का, हेही विचारा. ती सिरपपेक्षा बरीच स्वस्त पडते. चव कडू असते, त्याची तयारी ठेवा. उरलेलं सिरप पुढच्या खोकल्यासाठी जपून ठेवू नका.

डेफ्लाझाकोर्ट हे दुसरं नाव चिठ्ठीवर दिसतं. त्याचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे साधारण ५. किंमत कित्येक पट. काही आजारांत ते मुद्दाम निवडतात, पण महाग आहे म्हणून त्याला दुष्परिणाम नाहीत असं नव्हे. खर्च झेपत नसेल तर प्रेडनिसोलोन चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. गोळ्यांची संख्या आपल्या मनाने बदलू नये.

खरा पैसा लागतो तो लांबच्या कोर्सच्या भोवती. साखर वाढू शकते, मधुमेह नसलेल्यांचीसुद्धा, आणि सकाळच्या डोसनंतर ती दुपारी-संध्याकाळी अधिक चढते. म्हणून फक्त उपाशीपोटीची तपासणी पुरेशी नाही. घरी मोजायची तर प्रत्येक पट्टीला पंधरा-वीस रुपये धरा. तीन महिने किंवा त्याहून जास्त औषध चालणार असेल तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा विषय काढा. चाळिशीनंतर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणीही लागू शकते. खासगी केंद्रात तिला दीड ते तीन हजार रुपये पडतात. मोतीबिंदू आणि काचबिंदूसाठी डोळे, शिवाय रक्तदाब आणि वजन. मुलांची उंचीही दर खेपेस मोजून लिहून ठेवावी. यातलं बरंच काही सरकारी रुग्णालयात अगदी कमी पैशांत होतं. गॅसची गोळी मात्र प्रत्येकालाच लागते असं नाही. सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं चालू असतील, तर अल्सरचा धोका वाढतो. तेव्हा ती लागते.

गोळी सकाळी, नाश्त्यानंतर घ्यावी. रात्री घेतली तर झोप उडते. लहान मुलं चिडचिडी होतात, सारखं खायला मागतात. मोठा डोस दोन आठवडे किंवा अधिक चालला असेल, तर गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांसारखी जिवंत लस पुढे ढकलावी लागते. म्हणून लसीकरणाच्या कार्डावर तारखांसह नोंद करून घ्या. शाळेत कांजिण्यांची साथ आली आणि मुलाला त्या आधी झालेल्या नसतील, लसही दिलेली नसेल, तर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पूर्वी टीबी झाला असेल किंवा घरात कुणाला असेल, तर ते कोर्स सुरू व्हायच्या आधीच सांगा.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतलेली गोळी अचानक बंद करू नये. तोवर शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं मंदावलेलं असतं; एकदम थांबलं की रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, जिवावर बेततं. डोस उतरवताना १० आणि ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या वेगवेगळ्या लिहून घेतल्या की तुकडे करावे लागत नाहीत आणि खर्चही फारसा वाढत नाही. तारीखवार तक्ता स्वयंपाकघरात चिकटवा. गावाला जाताना स्ट्रिप बरोबर हवीच. ताप आला, दात काढायचा असला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर डोस काही काळ वाढवावा लागू शकतो, तेव्हा 'मी स्टिरॉइडवर आहे' हे आधी सांगा. आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकतच नसेल, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहू नका; इंजेक्शनसाठी रात्रीच रुग्णालय गाठा.