पाठ : फाळ बदला, नांगर फेकू नका

मेडशी हे वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले गाव. अकोल्याहून वाशीमला जाणारा रस्ता या गावावरून जातो. या गावातली एक मुलगी लग्नाचे व्हिडिओ तयार करी. मोबाइलवर चित्रण करायचे. मग घरच्या लॅपटॉपवर ते कापायचे, जोडायचे आणि नीट लावायचे.

तुळशीचे लग्न झाले. गावात लग्नाच्या तिथी निघू लागल्या. मुलीला दोन लग्नांचे काम मिळाले. पण लॅपटॉप दहा वर्षांचा. व्हिडिओ उघडला की तो अडकून बसे.

मुलीने एका दुकानात विचारले. दुकानदार म्हणाला, "हा भंगारात द्या. हप्त्यावर नवा घ्या."

मुलगी घरी आली. आईला म्हणाली, "माय, हरभऱ्याच्या बियाण्याचे पैसे दे. पहिला हप्ता भरते."

आई म्हणाली, "देईन. पण आधी सांग, याचं दुखते कुठं? नांगराचा फाळ झिजला त आपण नांगर फेकतो का? फाळच बदलतो ना?"

मुलीपाशी उत्तर नव्हते. तिने लॅपटॉप नीट पाहायचे ठरवले.

दुखणे कुठे आहे?

लॅपटॉपमध्ये तीन गोष्टी मुख्य असतात. प्रोसेसर म्हणजे राबणारा गडी. रॅम म्हणजे खळे. डिस्क म्हणजे कोठी. माल कोठीतून काढायचा, खळ्यावर पसरायचा आणि गड्याने त्यावर काम करायचे. खळे लहान असले की माल मावत नाही. तो पुन्हा कोठीत टाकावा लागतो, पुन्हा काढावा लागतो. गडी नुसता वाट पाहत बसतो.

व्हिडिओचा माल फार मोठा असतो. एका सेकंदात साधारण २५ ते ३० चित्रे येतात. फुल एचडी व्हिडिओच्या एका चित्रात २० लाखांहून जास्त ठिपके असतात. फोर-के व्हिडिओत त्याच्या चौपट.

मुलीने व्हिडिओचे काम सुरू ठेवले आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. विंडोजमध्ये असे केले की टास्क मॅनेजर उघडतो. कोणावर किती भार आहे, ते त्यात आकड्यांनी दिसते. प्रोसेसरचा आकडा निम्म्याच्याही खाली होता. रॅम भरत आली होती. डिस्क तर शंभरावर होती.

मुलगी म्हणाली, "माय, गडी धड हाय. खळं लहान अन् कोठीचं दार अरुंद!"

आधी बिनपैशाचे उपाय

लॅपटॉप सुरू होताच आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम तिने बंद केले. पंख्यातली धूळ काढून घेतली. धुळीने यंत्र तापते आणि तापले की मंद चालते. काम करताना ती चार्जर लावून ठेवू लागली.

चौथा उपाय सर्वांत मोठा. त्याला प्रॉक्सी म्हणतात. मूळ व्हिडिओची लहान नक्कल करायची. कापणे-जोडणे त्या नकलेवर करायचे. शेवटी प्रोग्राम तेच काप मूळ व्हिडिओवर लावतो. फुल एचडीची रुंदी आणि उंची तिसरा हिस्सा केली, तर ठिपके नऊ पटीने कमी होतात. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या प्रोग्रामांत ही सोय आहे. दोन्ही फुकट मिळतात.

मग नेमका खर्च

एवढे करूनही थोडी अडचण राहिली. मग तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून दोनच वस्तू घेतल्या.

पहिली एसएसडी. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते. ती सेकंदाला साधारण १०० एमबी माल देते. साटा एसएसडीत काही फिरत नाही. ती साधारण ५०० एमबी देते.

दुसरी रॅमची पट्टी. ४ जीबीच्या जागी ८ जीबी झाली. रॅमच्याही जाती असतात. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. म्हणून जुनी पट्टी सोबत नेऊन दाखवावी. काही लॅपटॉपांत रॅम डाक लावून पक्की बसवलेली असते. ती बदलता येत नाही. हे विकत घेण्याआधीच पाहावे. भाव तीन दुकानांत विचारावा.

ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर बहुतेक लॅपटॉपांत पक्के बसवलेले असतात. त्यांच्या नादी लागू नये. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच सारखा शंभरावर दिसत असेल, तर नुसती रॅम वाढवून फारसा उपयोग नाही. पडदा, बॅटरी, कळा असे सगळेच गेले असेल, तर दुरुस्तीचा पैसा वाया जातो.

मुलीने जुनी डिस्क फेकली नाही. डबी लावून ती व्हिडिओ साठवायला ठेवली.

पहिल्या लग्नाचा व्हिडिओ पुरा झाला. शेवटची पक्की प्रत निघायला अजूनही वेळ लागे, कारण गडी जुनाच होता. मुलगी रात्री काम लावून निजे. सकाळी प्रत तयार असे.

बियाण्याचे पैसे डब्यात तसेच होते. त्या आठवड्यात हरभरा पेरला गेला.

ध्यानात ठेवा

१. लॅपटॉप उघडण्याआधी व्हिडिओ आणि कागदपत्रांची दुसरी प्रत काढा.
२. लॅपटॉप बंद करा. चार्जर काढा. बॅटरी सोडवा.
३. बॅटरी फुगलेली दिसली, तर हात लावू नका. जाणकाराकडे द्या.

प्रश्न

१. आईने नांगराचा दाखला का दिला?
२. खळे लहान असले तर गडी रिकामा का बसतो?
३. एका सेकंदात २५ चित्रे, तर १० मिनिटांच्या व्हिडिओत किती?
४. तुमच्या घरातली कोणती वस्तू फाळ बदलून पुन्हा चालेल? चार ओळी लिहा.