अनेक छायाचित्रांतून शेताचे एक चित्र

पीक पिवळे पडू लागले की आपण बांधावर उभे राहून अंदाज करतो. जवळचे वाफे स्पष्ट दिसतात, दूरचे एकमेकांत मिसळतात. उंचावरून घेतलेली अनेक छायाचित्रे सांधून एकच चित्र केल्यास ही अडचण दूर होते. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) विमानातून घेतलेली छायाचित्रे कातरून फळ्यावर चिकटवीत असत. सन २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनच्या चित्रांवरून झाली. घरगुती चित्रास मात्र हद्दीच्या तंट्यात सरकारी मोजणीची जागा घेता येत नाही.

येरवड्यास लोहगावचा विमानतळ जवळ, तेव्हा परवानगीवाचून ड्रोन उडविणे नाही. म्हणून तेथील नदीकाठच्या एक गुंठा मेथीचे चित्र आम्ही बांबूच्या टोकास मोबाईल बांधून घेतले. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकाच रुंद तुकडा. २० फुटांवरून आमच्या मोबाईलच्या एका चित्रात सुमारे २६ फूट लांब व २० फूट रुंद जमीन येते. शेजारची चित्रे एकमेकांवर पुरेशी चढली पाहिजेत. कारण सांधणारी संगणकप्रणाली दोहोंत दिसणाऱ्या समान खुणांवरूनच मेळ घालते. चित्राची लांबी ओळीस आडवी ठेवून दर ६ फुटांवर एक चित्र घेतले व दोन ओळींत १० फूट अंतर राखले. म्हणजे पुढेमागे सात दशांश व बाजूस सहा दशांश भाग सामाईक राहिला. चार ओळींत २४ चित्रे झाली. कोपऱ्यांवर चुन्याच्या फुल्या काढून त्यांतील अंतरे टेपने मोजली होती; त्यांवरून चित्राचे प्रमाण ठरते.

पहिला प्रयत्न फसला. निम्मी चित्रे सकाळी व निम्मी दुपारनंतर घेतल्याने सावल्या उलटसुलट पडल्या, आणि वाऱ्याने बांबू झुकून एकच पाट दोन ठिकाणी दिसू लागला. दुसऱ्या दिवशी वारा पडलेला पाहून सर्व काम अर्ध्या तासात उरकले. उसासारख्या उंच पिकास ही युक्ती लागू पडत नाही. इतक्या कमी उंचीवरून तो प्रत्येक चित्रात निराळ्या बाजूस कललेला दिसतो व सांधा बसत नाही.

सुट्या चित्रांत पिवळेपणा विखुरलेला वाटे, व रोग समजून आम्ही औषधही आणून ठेविले होते. एकत्र पाहता तो पाटाच्या खालच्या अंगास लागून सलग पट्टा निघाला. तेथे उकरता माती चिखलासारखी व मुळ्या कुजलेल्या आढळल्या. फवारणी रहित केली, पाण्याची पाळी लांबविली व पट्ट्याच्या कडेने चर काढला. त्या पट्ट्यातील मेथी गेली ती गेलीच. वरचे वाफे मात्र काढणीस आले.