जूनची वही जपून ठेवा

आई-बाबांनो, आठवी-नववीतल्या मुलांच्या तोंडून हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं, ‘माझं काहीच होत नाहीये.’ नापास झालेली मुलं हे म्हणाली असती तर समजण्यासारखं होतं. पण ज्यांचं चांगलं चाललंय तीच म्हणतात, आणि वर्गात उभं राहून ते ऐकताना जीव तुटतो. म्हणून आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आमच्या शाळेतून दरवर्षी मुलं शासकीय रेखाकला परीक्षेतल्या एलिमेंटरीला बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन अशी तयारी करावी लागते. एका पावसाळ्यात एका मुलीनं मध्येच सराव सोडला. हात चांगला, रंगाची जाण चांगली. काय झालं विचारलं, तर तिनं मोबाईल पुढे केला. तिच्याच वयाची एक मुलगी ३० सेकंदांच्या रीलमध्ये कोऱ्या कागदावर जलरंगातला अख्खा वाडा उभा करत होती. ‘हिला एवढं येतं, आणि मी अजून तांब्याच काढतेय,’ ती म्हणाली.

तो वाडा रंगवायला गेलेले तास त्या ३० सेकंदांत दाबून बसवलेले असतात. फाडलेले कागद, बिघडलेला पहिला वॉश हे तर कुणी टिपतच नाही. मुलांना हे सांगितलं की पटतं, पण डोळ्यांसमोरून वाडा काही हलत नाही. आपण मोठी माणसं ‘अगं, ते सगळं खोटं असतं’ म्हणतो आणि मोकळे होतो. ते खोटं नसतं. ती मुलगी खरंच छान काढते, आणि आपल्या मुलीला ते दिसतं.

या मुलीच्या आईनं (मला ही बाई फार शहाणी वाटली) जूनमधली चित्रकलेची वही शोधून काढली आणि ऑगस्टच्या वहीशेजारी उघडून ठेवली. जूनच्या तांब्याचा काठ एका बाजूला कललेला, दोन्ही टोकं अणकुचीदार. पोटावरची सावली म्हणजे नुसता काळा पट्टा. ऑगस्टमध्ये काठाचा लंबगोल दोन्हीकडे सारखा वळलेला आणि सावली कडेकडेनं विरत गेलेली. मुलीनं दोन्ही पानं नीट पाहिली. म्हणाली, ‘हा काठ मला तेव्हा येतच नव्हता.’ दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की आपल्याला कितपत जमतंय हे माणसाला जाणून घ्यायचंच असतं. ते मोजायला पक्कं साधन हाताशी नसलं की माणूस इतरांकडे बघून स्वतःला मोजतो, आणि तेही शक्यतो आपल्यासारख्याच माणसांकडे बघून. म्हणजे तुलना हा तुमच्या मुलाचा दुर्गुण नव्हे. ‘दुसऱ्यांकडे बघू नकोस’ हा उपदेश म्हणूनच वाया जातो. वहीनं उपदेश केला नाही, मुलीच्या हाती तिचं स्वतःचं माप दिलं.

तुलना आपल्याही लहानपणी होती. पण शेजारचा हुशार मुलगा आपल्याला सगळाच्या सगळा दिसायचा, गणितात पहिला आणि धावताना शेवटचा. आता लोक निवडून तेवढंच दाखवतात, आणि त्यातलंही ज्याला जास्त प्रतिसाद मिळतो ते ॲप पुढे रेटतं. आकड्यांचीही एक फसगत आहे. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की बहुतेक माणसांच्या मित्रांना सरासरीनं त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ज्याचे मित्र पुष्कळ, तो पुष्कळांच्या यादीत असतो. ज्याचे थोडे, तो थोड्यांच्याच. आपले फॉलोअर्स सगळ्यांपेक्षा कमी, असं तुमच्या मुलाला वाटतं तेव्हा हे गणित त्याला कागदावर चार-पाच नावं मांडून दाखवा. आठवीच्या मुलाला ते नक्की कळतं. इन्स्टाग्रामवर लाइक्सचा आकडा लपवायची सोय २०२१ पासून आहे. ती त्याच्यासोबत बसून चालू करा, त्याच्या अपरोक्ष नको.

आता थोडं कठीण बोलते. ही मोजणी मुलं मोबाईल हाती येण्याआधीच घरात शिकलेली असतात. दहावीचा निकाल दुपारी लागतो आणि दिवेलागणीपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर गुणपत्रिका फिरू लागतात. राज्य मंडळानं गुणवत्ता यादी कधीच बंद केली. आपण ती घरोघरी पुन्हा सुरू केली. नववीत गणितात ४१ गुण मिळालेल्या मुलाला दहावीत ६८ मिळाले, तर त्यानं वर्षभरात केवढा पल्ला गाठला! पण ग्रुपवर मावसबहिणीचे ९४ टक्के येऊन पडलेले असतात, आणि घरातलं कुणीतरी ६८ कडे बघून ‘बरे आहेत’ म्हणतं. त्याचं सगळं वर्ष त्या दोन शब्दांत पुसलं जातं. सीईटीचं पर्सेंटाइल तर बोलूनचालून तुलनेचाच आकडा. किती जण तुमच्या मागे आहेत तेवढं तो सांगतो, तुम्ही किती शिकलात ते सांगत नाही. प्रवेशासाठी तो लागतो, लागू द्या. घरातल्या बोलण्यात तो कशाला हवा?

माझं एवढंच मागणं आहे. मे महिन्यात वह्या रद्दीत काढाल तेव्हा प्रत्येक विषयाची जूनमधली एक वही मागे ठेवा. पोहणाऱ्या मुलाची वेळ, गाणाऱ्या मुलीचं रेकॉर्डिंग तारीख घालून जपा. मूल ‘माझं काही होत नाही’ म्हणालं की ते काढून त्याच्यासमोर ठेवा. कधी त्यात खरंच अडलेलं दिसेल. मग कुठे अडलंय ते तरी कळेल. मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, तर मात्र वहीवर विसंबू नका, समुपदेशकाकडे न्या. आणि निकालाचा आकडा ग्रुपवर टाकण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर टाकू नका, आत्यानं कितीही वेळा विचारलं तरी.